प्लुटो सापडायच्या १९ वर्षं आधी केतकर मास्तरांनी कागदावर एक ग्रह मांडला, त्याचं नाव ठेवलं ब्रह्मा

नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ. सातपुड्याच्या माथ्यावरचं पठार, मध्ये यशवंत तलाव आणि शहरांपासून लांब असल्यामुळे रात्री मिट्ट काळोख. हिवाळ्यातल्या अमावस्येच्या आसपास इथं गेलं की आकाशात एवढे तारे दिसतात की ओळखीची नक्षत्रंसुद्धा पटकन सापडत नाहीत.

आणि शेकोटीभोवती बसलेल्या दहा जणांपैकी एक जण हमखास विचारतो, तिकडे कुणी राहत असेल का रे?

हा प्रश्न काही आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी जग याच प्रश्नानं अक्षरशः येडं झालं होतं. मंगळावर माणसं आहेत, ती कालवे खणतात, शेती करतात, असं युरोप-अमेरिकेत शिकलेली माणसंही मानत होती.

त्याच काळात मुंबई इलाख्यात एक शाळामास्तर पाटी-पेन्सिलीच्या हिशेबानं सूर्यमालेची हद्द मोजत बसले होते. दुर्बिणीतून नवा ग्रह शोधणं हा त्यांचा उद्योग नव्हताच. त्यांच्याकडे होतं फक्त गणित.

त्यांचं नाव व्यंकटेश बापूजी केतकर.

अधूनमधून एक फॉरवर्ड फिरत असतो, की प्लुटोचा शोध खरं तर एका मराठी माणसानं लावला आणि श्रेय अमेरिकेनं पळवलं. तो फॉरवर्ड यांच्याबद्दलच असतो. त्यातलं अर्धं खरं आहे आणि अर्धं नाही. पण जे खरं आहे ते फॉरवर्डपेक्षा जास्त भारी आहे, आणि त्याचा धागा थेट पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे का या प्रश्नापर्यंत जातो.

एक गोंधळ आधीच मिटवू. ज्ञानकोशकार केतकर म्हणून प्रसिद्ध आहेत ते श्रीधर व्यंकटेश केतकर. नावातला व्यंकटेश बघून अनेकांना ही बाप-लेकाची जोडी वाटते. तसं नाही.

नरगुंदचा मुलगा

केतकरांचा जन्म १८ जानेवारी १८५४ चा, नरगुंदचा. हे गाव आज कर्नाटकात गदग जिल्ह्यात येतं. तेव्हा तिथं मराठी संस्थानिकांचं राज्य होतं. वडील बापूशास्त्री ज्योतिषाचे जाणकार. आजच्या अर्थानं ज्योतिष म्हणजे भविष्य, पण त्या काळी ज्योतिषी म्हणजे ग्रह कुठे आहेत हे गणितानं सांगणारा माणूसही. गणिताचे आणि आकाशाचे पहिले धडे व्यंकटेशला घरातच मिळाले.

मुलगा इंग्रजी शिकला आणि मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात मास्तर झाला. हा इलाखा केवढा मोठा होता याचा अंदाज घ्यायचा तर वर सातपुड्याच्या पायथ्याचा नंदुरबारचा मुलूख आणि खाली विजापूर-धारवाड, हे सगळं एकाच इलाख्यात होतं. केतकरांची नोकरी गेली ती इलाख्याच्या दक्षिण टोकाला, बागलकोटसारख्या गावांमध्ये. पुढे ते विजापूरला स्थायिक झाले.

तिथे ना विद्यापीठ, ना वेधशाळा. दिवसा शाळा आणि बाकीच्या वेळात आकडेमोड, असा हा संसार.

पण या माणसाकडे एक गोष्ट होती जी तेव्हा फार थोड्यांकडे होती. त्यांना संस्कृतातले सिद्धांतग्रंथ कळत होते आणि इंग्रजीमुळे युरोपचं ताजं खगोलशास्त्रही वाचता येत होतं. बहुतेकांकडे यातलं एकच असायचं. जुन्या शास्त्र्यांना युरोपचं गणित परकं वाटायचं आणि इंग्रजी शिकलेल्यांना पंचांग म्हणजे जुनाट कारभार वाटायचा.

पंचांग का चुकत होतं?

आता पंचांगाचा आणि परग्रहांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे.

पंचांग म्हणजे काय तर सूर्य, चंद्र आणि ग्रह अमुक दिवशी कुठे असतील याचं आगाऊ केलेलं गणित. तिथी, नक्षत्र, ग्रहण, अधिक महिना हे सगळं त्यातूनच निघतं. महाराष्ट्रात या कामासाठी शेकडो वर्षं एक ग्रंथ वापरात होता, ग्रहलाघव. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये तो लिहिला. त्यांनी गणित एवढं सोपं करून ठेवलं की त्रिकोणमितीची कोष्टकं न वापरता ग्रहांची स्थिती काढता यायची. ग्रंथ गावोगावच्या जोशांच्या हातात गेला तो यामुळेच.

पण सोपं केलेलं गणित काळाबरोबर सरकत जातं. मूळ आकड्यांतही बारीक चुका होत्याच. सूर्यसिद्धांतातलं वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा साधारण साडेतीन मिनिटांनी मोठं आहे. वर्षाला साडेतीन मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण हजार वर्षं ही चूक साचत गेली की दोन दिवसांहून जास्त फरक पडतो.

त्यामुळे एकोणिसाव्या शतकात पंचांगात ग्रहणाची वेळ एक आणि आकाशात ग्रहण दिसायचं दुसऱ्याच वेळी, असा प्रकार व्हायला लागला.

केरो लक्ष्मण छत्रे आणि आबासाहेब पटवर्धन यांनी १८६५ पासून नव्या गणितावरचं पंचांग सुरू केलं, ते पटवर्धनी पंचांग. केतकर याच वाटेनं पुढे गेले. त्यांनी युरोपातली अचूक कोष्टकं घेतली आणि ती आपल्या पद्धतीत, आपल्या परिभाषेत, थेट संस्कृतात बसवली. ज्योतिर्गणित आणि केतकी ग्रहगणित हे त्यांचे ग्रंथ असेच तयार झाले. वैजयंती हा पंचांगगणितावरचा ग्रंथही त्यांचाच, आणि मराठी वाचकांसाठी त्यांनी नक्षत्रविज्ञान लिहिलं.

यात एक शहाणपण होतं. जोशीबुवांना इंग्रजी शिका म्हणून सांगण्यापेक्षा त्यांनी नवं गणितच जोशीबुवांच्या भाषेत नेऊन ठेवलं.

खानदेशात बसलेला साक्षीदार

केतकर किती मोठे होते हे ओळखणाऱ्या त्यांच्या काळातल्या माणसांमध्ये एक नाव होतं शंकर बाळकृष्ण दीक्षित. तेही मास्तरच. मूळचे कोकणातल्या मुरूडचे, केतकरांपेक्षा सहा महिन्यांनी मोठे. नोकरीच्या निमित्तानं ते काही वर्षं धुळ्याला होते. तेव्हा धुळे हे खानदेशाचं मुख्य ठाणं आणि नंदुरबार त्याच खानदेशातला तालुका. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो थेट १ जुलै १९९८ ला.

दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. तो १८९६ मध्ये छापून आला आणि आजही या विषयात काम करणारे लोक तो उघडतात. त्यात वेदकाळापासून सुरुवात करून दीक्षित आपल्या काळापर्यंत येतात आणि तिथं केतकरांच्या कामाचीही नोंद घेतात. दीक्षित १८९८ मध्ये गेले. केतकरांचं सगळ्यात धाडसी काम त्यांना बघायला मिळालं नाही.

तिकडे मंगळावर कालवे खणले जात होते

आता थोडं युरोपात जाऊ, कारण केतकरांचा कागद शेवटी तिथंच पोहोचला.

१८७७ मध्ये इटलीच्या स्कियापारेल्ली यांना मंगळावर सरळ रेषा दिसल्या. त्यांनी त्यासाठी जो इटालियन शब्द वापरला त्याचा अर्थ चर किंवा ओहोळ असाही होतो. इंग्रजीत येताना त्याचा झाला कालवा. आता ओहोळ आपोआप तयार होतो, पण कालवा कुणीतरी खणावा लागतो. एका शब्दावरून सगळी गाडी रुळावरून घसरली.

फ्रान्समध्ये कामीय फ्लामारियाँ नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. इतर ग्रहांवर जीवसृष्टी असणारच, असं मानणारे ते सगळ्यात लोकप्रिय लेखक. विशीत असतानाच, १८६२ मध्ये, त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि ते तुफान खपलं. १८८७ मध्ये त्यांनी फ्रान्सची खगोल सोसायटी स्थापन केली. ही सोसायटी लक्षात ठेवा.

त्याच फ्रान्समध्ये १९०० मध्ये एक लाख फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं. दुसऱ्या खगोलावरच्या लोकांशी जो संपर्क साधेल त्याला ते मिळणार होतं. अट एकच होती, मंगळ सोडून. कारण मंगळवासीयांशी बोलणं फारच सोपं असणार, त्याला कशाला बक्षीस, असा विचार होता.

आणि अमेरिकेत होते पर्सिव्हल लॉवेल. बोस्टनच्या गडगंज घराण्यातले. जन्म १८५५ चा, म्हणजे केतकरांपेक्षा एका वर्षानं लहान. त्यांनी १८९४ मध्ये ॲरिझोनात स्वतःच्या पैशानं वेधशाळा उभारली. मंगळ वाळत चाललाय, ध्रुवावरचं बर्फ वितळवून तिथले लोक कालव्यांनी पाणी विषुववृत्ताकडे नेतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला. एकामागोमाग तीन पुस्तकं लिहिली. लोकांनी ती डोक्यावर घेतली.

शास्त्रज्ञ मात्र कुरकुरत होते. १९०९ मध्ये आंतोनियादी यांनी पॅरिसजवळच्या मोठ्या दुर्बिणीतून मंगळ बघितला आणि त्यांना सरळ रेषांऐवजी विस्कळीत डागच दिसले. लांबवरचे ठिपके डोळा आपोआप जोडून टाकतो, म्हणून रेष दिसते. पुढे १९६५ मध्ये मरीनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्यानं पाठवलेल्या फोटोंत ना कालवे होते ना शेतं. होती ती खड्ड्यांनी भरलेली ओसाड जमीन.

लॉवेल खोटारडे नव्हते. त्यांना जे दिसावं असं वाटत होतं, ते त्यांना दिसत गेलं.

दुर्बिणीशिवाय ग्रह

मंगळावरून टीका होत असताना लॉवेल यांनी दुसरं काम हाती घेतलं होतं. नेपच्यूनच्या पलीकडचा ग्रह शोधायचा. त्याला ते प्लॅनेट एक्स म्हणायचे.

यामागे एक जुना विजय होता. युरेनस गणितानं सांगितलेल्या जागी सापडत नव्हता. कुणीतरी त्याला बाहेरून ओढतंय, असा हिशेब फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी केला. त्यांनी सांगितलेल्या दिशेला २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये दुर्बीण लावली, तर जवळजवळ तिथंच नेपच्यून सापडला. कागदावर आधी आणि आकाशात नंतर सापडलेला हा पहिला ग्रह.

मग नेपच्यूनच्या पुढे काय? हा प्रश्न साहजिक होता. फ्लामारियाँ यांनी धूमकेतूंच्या कक्षांवरून अंदाज बांधला होता. लॉवेल यांनी गणकांना पगार देऊन युरेनसच्या उरल्यासुरल्या चुकांवरून गणित चालवलं होतं.

केतकरांनी तिसरीच वाट धरली.

गुरूला चार मोठे चंद्र आहेत. त्यातल्या आतल्या तिघांचं, म्हणजे आयो, युरोपा आणि गॅनिमीड यांचं, एक गमतीदार नातं आहे. गॅनिमीडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन होतात आणि आयोच्या चार. हे तिघं एकमेकांच्या ओढीनं असे बांधलेले आहेत की तिघेही एकाच वेळी गुरूच्या एकाच बाजूला एका रांगेत कधीच येत नाहीत. हे गणित फ्रान्सच्या लाप्लास यांनी उलगडलं होतं.

केतकरांना प्रश्न पडला, की गुरूच्या चंद्रांमध्ये असं नातं आहे तर सूर्याच्या बाहेरच्या ग्रहांमध्ये का नसावं? युरेनसची फेरी ८४ वर्षांची. नेपच्यूनची जवळजवळ १६५ वर्षांची, म्हणजे साधारण दुप्पट. दोन कड्या तर हातात आहेत. मग तिसरी कडी कुठे असली म्हणजे हे नातं जुळेल?

हिशेब मांडला. उत्तर आलं, सूर्यापासून ३८.९५ खगोलीय एकक अंतरावर. एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. सूर्याभोवतीची फेरी २४२.२८ वर्षांची. या ग्रहाला त्यांनी नाव दिलं ब्रह्मा. त्याच्याही पलीकडे, सुमारे ५९.६ एककांवर, ४६० वर्षांच्या फेरीचा आणखी एक ग्रह असावा असं त्यांचं गणित सांगत होतं. त्याचं नाव ठेवलं विष्णू.

हे सगळं त्यांनी पाठवलं फ्रान्सच्या खगोल सोसायटीकडे, फ्लामारियाँ यांनी स्थापन केलेल्या त्याच सोसायटीकडे. १९११ मध्ये तिच्या पत्रिकेत ते छापून आलं.

विचार करा. नेपच्यून सापडून तेव्हा जेमतेम ६५ वर्षं झाली होती. त्याची एक फेरीसुद्धा कुणी पुरी होताना बघितलेली नव्हती. ती पूर्ण झाली २०११ मध्ये. आणि इकडे एक मास्तर नेपच्यूनच्या पुढच्या ग्रहाचं वर्ष दशांश चिन्हापर्यंत सांगत होते.

१९३०

लॉवेल १२ नोव्हेंबर १९१६ ला गेले. प्लॅनेट एक्स सापडला नव्हता. दुर्दैव असं की १९१५ मध्ये त्यांच्याच वेधशाळेच्या फोटोंत प्लुटो अंधूकसा आला होता. पण तो एवढा पुसट होता की कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे वेधशाळेनं क्लाइड टॉमबॉ नावाच्या पोराला कामावर घेतलं. कॅन्ससच्या शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजची पदवी नाही, पण घरी स्वतःच्या हातानं दुर्बिणी बनवणारा. त्याचं काम म्हणजे आकाशाच्या एकाच भागाचे काही दिवसांच्या अंतरानं फोटो काढायचे आणि हजारो ठिपक्यांमधला कुठला ठिपका हलला ते शोधायचं. १८ फेब्रुवारी १९३० ला त्याला तो सापडला. जानेवारीतल्या दोन फोटोंमध्ये एक ठिपका जरासा सरकला होता.

१३ मार्च १९३० ला जगाला बातमी दिली गेली. तो लॉवेल यांचा जन्मदिवस होता. ऑक्सफर्डच्या ११ वर्षांच्या एका मुलीनं सुचवलेलं प्लुटो हे नाव ठरलं. त्याची पहिली दोन अक्षरं पर्सिव्हल लॉवेल यांची आद्याक्षरंही आहेत, हा आणखी एक योग.

नव्या ग्रहाची कक्षा मोजली गेली. सूर्यापासून सरासरी अंतर सुमारे ३९.५ एकक. फेरी सुमारे २४८ वर्षांची.

आता केतकरांचे आकडे परत बघा. ३८.९५ आणि २४२.२८. अंतरात दीड टक्क्याचाही फरक नाही. फेरीत अडीच टक्क्यांहून कमी. लॉवेल यांनी १९१५ मध्ये अंतर सांगितलं होतं सुमारे ४३ एकक. म्हणजे अंतराच्या बाबतीत केतकरांचा आकडा जास्त जवळ होता.

३ ऑगस्ट १९३० ला विजापूरला केतकरांचं निधन झालं. वय होतं ७६. प्लुटोची बातमी जगापुढे येऊन पाच महिनेही झाले नव्हते. नव्या ग्रहाला ब्रह्मा हे नाव मिळालं नाही आणि शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव आलं नाही.

मग प्लुटो केतकरांनी शोधला का?

इथं फॉरवर्ड आणि खरी गोष्ट वेगळी होते.

शोध लागतो म्हणजे ती वस्तू आकाशात बोट ठेवून दाखवता येते. ते टॉमबॉनं केलं. केतकरांनी केलं ते भाकीत.

आणि भाकीत जवळ आलं म्हणजे त्यामागचा तर्क बरोबर होता, असंही नाही. प्लुटोची कक्षा चांगलीच लंबगोल आहे आणि बाकी ग्रहांच्या पातळीला १७ अंशांनी कललेली आहे. तो युरेनस-नेपच्यूनच्या साखळीतली तिसरी कडी नाही. विष्णूच्या जागी तर कुठलाच ग्रह सापडला नाही.

पण लॉवेल यांचं काय झालं तेही बघा. त्यांच्या हिशेबात प्लॅनेट एक्स पृथ्वीच्या साधारण सातपट वजनाचा हवा होता. १९७८ मध्ये प्लुटोचा चंद्र कॅरन सापडला आणि त्यावरून प्लुटोचं वजन काढता आलं. ते निघालं पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढं. एवढासा प्लुटो युरेनसला हलवूच शकत नाही. पुढे व्हॉयेजर २ यान १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेलं, नेपच्यूनचं वजन नीट मोजलं गेलं आणि युरेनसच्या कक्षेतली ती गूढ चूक गायबच झाली. म्हणजे ज्या चुकीवरून ग्रह शोधायला घेतला, ती चूकच नव्हती. त्याच वेधशाळेत प्लुटो सापडला तो टॉमबॉच्या चिकाटीमुळे.

थोडक्यात, दोघांचंही गणित नशिबानं जवळपास लागलं.

मग केतकरांचं मोठेपण कशात? एक गोष्ट त्यांना बरोबर दिसली होती. सूर्यमालेच्या टोकाला फिरणारी वस्तू कुठेही मनमानी फिरत नसते, तिच्या फेरीचं शेजाऱ्याच्या फेरीशी आकड्यांचं नातं असू शकतं. प्लुटोच्या बाबतीत ते खरं निघालं. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लुटोच्या बरोबर दोन होतात, आणि याच हिशेबामुळे दोघांच्या वाटा एकमेकींजवळ येऊनही ते कधी धडकत नाहीत. केतकरांनी मांडलेलं नातं नेमकं हे नव्हतं. पण शोधायचं कशात, हे त्यांना कळलं होतं.

दुसरी गोष्ट, त्यांनी आकडे मांडले आणि जगापुढे ठेवले. आकडा चुकला तर चुकला म्हणता येतो. मंगळावरच्या कालव्यांबद्दल लॉवेल यांच्याशी लोक वीस वर्षं भांडत बसले, कारण मला दिसतंय म्हणणाऱ्याला तपासणार कसं?

त्याच तीन चंद्रांवर आज सगळ्यांचे डोळे

आता गोष्टीतला सगळ्यात भारी भाग.

केतकरांनी ज्या नात्यावरून हिशेब केला ते गुरूच्या तीन चंद्रांचं नातं आठवा. त्या ओढाताणीमुळे आयो आणि युरोपा यांच्या कक्षा पूर्ण गोल होत नाहीत. ते कधी गुरूच्या जरा जवळ येतात, कधी जरा लांब जातात. त्यामुळे ते सतत आतून मळले जातात, कणकेसारखे. आणि मळल्यामुळे उष्णता तयार होते.

आयोवर यामुळे ज्वालामुखी पेटलेले आहेत. १९७९ मध्ये व्हॉयेजर १ यानानं ते बघितले. युरोपावर बर्फाचं कवच आहे आणि त्या कवचाखाली खाऱ्या पाण्याचा समुद्र आहे, असं आतापर्यंतचे पुरावे सांगतात. पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांपेक्षा जास्त पाणी तिथं असावं असा अंदाज आहे. सूर्यापासून एवढ्या लांब ते गोठून का गेलं नाही? त्याचं मुख्य उत्तर म्हणजे तेच नातं, एक-दोन-चारचं.

पाणी, उष्णता आणि योग्य रसायनं एकत्र असली तर जीव तयार होऊ शकतो. म्हणून पृथ्वीबाहेर जीवसृष्टी शोधायची तर मंगळासोबत युरोपाचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं.

आणि प्लुटो? त्याला २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह केलं. पण १४ जुलै २०१५ ला न्यू होरायझन्स यान त्याच्याजवळून गेलं तेव्हा सगळे चाट पडले. उणे २३० अंशांच्या आसपासच्या त्या थंडीत नायट्रोजनच्या बर्फाचं मैदान होतं, पाण्याच्या बर्फाचे उंच डोंगर होते आणि कार्बनी रसायनांचा लालसर थर होता. आत खोलवर पाण्याचा समुद्र असावा, असं मानायलाही जागा आहे. त्या यानावर टॉमबॉच्या अस्थींची थोडी राखही होती.

याचा अर्थ प्लुटोवर कुणी राहतं असा नाही. जीवाचा एकही पुरावा आजपर्यंत पृथ्वीबाहेर कुठेच मिळालेला नाही. पण शोध घ्यायच्या जागा बदलल्या आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी लोक कालवे खणणारी माणसं शोधत होते. आज बर्फाखालचं पाणी आणि त्यात एखादा सूक्ष्मजीव शोधतात. आणि कुणी सापडलं म्हणालं की पहिला प्रश्न येतो, मोजून दाखव.

नासाचं युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालंय. ते गुरूपाशी पोहोचणार आहे एप्रिल २०३० मध्ये. युरोपाजवळून ते जवळजवळ पन्नास वेळा जाईल आणि तिथं जीव तगू शकेल का हे तपासेल. २०३० हे प्लुटो सापडल्याचं शंभरावं वर्ष, आणि केतकर गेल्याचंही.

कॅलेंडरच्या पानावर

केतकर गेल्यावर त्यांचं नाव मागे पडलं. पण त्यांचं काम घराघरात राहिलं.

आकाशातल्या राशींची मोजणी कुठल्या ताऱ्यापासून धरायची यावर तेव्हा मोठा वाद होता. लोकमान्य टिळक रेवती पक्षाचे, केतकर चित्रा पक्षाचे. दोघांच्या मोजणीत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. म्हणूनच आजही टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत काही वर्षी अधिक महिना वेगळा येतो आणि गणपती बाकीच्यांच्या महिनाभर आधी बसतात. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं पंचांग सुधारणा समिती नेमली. तिनं १९५५ मध्ये अहवाल दिला आणि राष्ट्रीय पंचांगासाठी चित्रा ताऱ्यावर आधारलेली मोजणीच धरली गेली. आज बहुतेक मराठी घरांतलं भिंतीवरचं कॅलेंडर याच मोजणीवर चालतं.

प्लुटो तोरणमाळच्या काळोखातूनही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, त्याला चांगली मोठी दुर्बीण लागते. पण गुरू दिसतो. ज्या महिन्यांत तो रात्री वर असतो तेव्हा साधी द्विनेत्री दुर्बीण हात न हलवता त्याच्यावर धरली, की शेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतात. दुसऱ्या रात्री बघितलं तर त्यांच्या जागा बदललेल्या असतात.

त्यातल्याच तीन ठिपक्यांच्या नात्यावरून केतकर मास्तरांनी ब्रह्माचा हिशेब मांडला होता. आणि तिकडे कुणी राहत असेल का, या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालेलं यान त्यांच्यातल्याच एका ठिपक्याकडे चाललंय.